मंद पडदा

टर्मिनलचा पडदा आज पुन्हा मंद झालेला पाहून हेमलताबाई चपापल्या. आज त्यांनी ब्राइटनेसच्या बटणाला हातही लावला नव्हता!

निवृत्त झाल्यापासून अच्युतराव दिवसदिवस खिडकीशी गप्प बसत. म्हणून बाईंनी त्यांच्या ऑफिसातलं, भंगारात निघालेलं जुनं कॉम्प्युटर टर्मिनल घरी आणवलं. ते खोलताच नवऱ्याला कंठ फुटला. पण दुरुस्ती संपली, हिरवी अक्षरं लख्ख उजळली, आणि स्वारी परत खिडकीशी! तेव्हापासून बाई अधूनमधून ते बटण गुपचूप उलटं फिरवत. मग दिवसभर खटाटोप चाले, आणि गप्पाही.

"अहो, आज खरंच बिघडलं वाटतं," त्या कळवळून म्हणाल्या.

अच्युतरावांनी मागे हात घालून बटण फिरवलं. पडदा झळकला.

"जन्मभर हीच यंत्रं दुरुस्त केली मी. पडदा मंद झाला की आधी बटण बघतात, एवढंही मला कळणार नाही?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. या आठवड्यात तू विसरलीस, म्हणून मीच फिरवलं. नुसतं समोर बसून काय बोलावं, मला सुचत नाही गं."

हेमलताबाईंना हसू आवरेना. "मग उद्यापासून मिक्सरही बिघडवते!"