कललेली अक्षरं

“त्यांचं नाव काढून टाक आधी!”

आईने तो मोठा छापील कागद टेबलावर असा आपटला, की चहा बशीत सांडला.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडिलांनी रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढत ती उन्हातान्हात हिंडली होती. एकेक अक्षर संगणकावर उतरवून तिने हा फॉन्ट केला होता. जाडजूड, टोकांना कसलीही नक्षी नसलेली, पुढे झुकलेली अक्षरं. बूटवाल्या कंपनीने ती जाहिरातींसाठी मागितली होती, बसवाल्यांना बसच्या अंगावर हवी होती. उद्या फॉन्ट वडिलांच्या नावाने लोकांपुढे यायचा होता.

“माणूस गेला, तरी तुझा राग जात नाही ना? अगं, बघ तरी. अक्षरं कशी धावत सुटलीयत! धडाडीचा माणूस. आणि हात केवढा सफाईदार! पांढऱ्या शर्टावर कधी रंगाचा डाग पाहिला नाही मी.”

“कुठून दिसणार?” आई कडाडली. “पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायच्या आणि पाटी वाळली, की कोपऱ्यात सही ठोकायची. मागच्या खोलीत रंगवत मी होते.”

“तू? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बाईने रंगवलेली पाटी कोण घेणार होतं? गप्प बसले. मग गप्प बसायची सवयच लागली.”

लेकीने चपटा ब्रश आणि शाई पुढे सरकवली. “काढून दाखव.”

आईने बाह्या सरसावल्या. एका दमात ‘क’ काढला. जाड आला, नक्षीशिवाय आला. पण खांबासारखा ताठ.

“कुठे झुकलाय?” लेकीचा आवाज चढला. “मेलेल्या माणसाचं श्रेय तरी लाटू नकोस, आई!”

आई वळली. जमिनीवर खेळणाऱ्या नातीला तिने उचललं आणि डाव्या कडेवर घेतलं. खेळ मोडला म्हणून नातीने भोकाड पसरलं, हातपाय झाडले. तिला सावरताना आईचं सगळं अंग एका बाजूला कललं. तशीच ती टेबलावर वाकली आणि तिने पुन्हा ब्रश टेकवला. कानाशी पोर किंचाळत असताना टोकांना नक्षी काढत बसायला सवड नव्हती. जाड फटकारे ओढून ती मोकळी झाली.

‘क’ पुढे झुकला होता. छापील कागदावरच्या ‘क’चा जुळा भाऊ.

लेक कधी या कागदाकडे, कधी त्या कागदाकडे बघत राहिली.

“आता तूच आठवून सांग,” नातीला कडेवर सावरत आई म्हणाली, “तुझ्या बापाने तुला कधी कडेवर घेतलं होतं?”