समंजस पोर

शिवणकामावर घर चालवणारी आई सात वर्षांच्या लेकीला पैशाची शिस्त लावत होती. दुकानात लेकीने कशाला हात लावला की ती विचारायची, "याच्यावाचून अडलंय का?" पोर मुकाट्याने हात मागे घ्यायची. शेजारणी तोंडभरून कौतुक करायच्या.

हल्ली हाक मारली तरी लेक वळेना, म्हणून आईने तिला दवाखान्यात नेलं.

"डावा कान गेलाय," डॉक्टर म्हणाले. "कितीतरी महिने ठणकत असणार. वेळेवर आणलं असतं तर वाचला असता."

"अगं, मला सांगायचं नाहीस का?"

"औषधाला पैसे लागतात ना. उजव्याने येतं की ऐकू."

परतताना आई लेकीच्या डाव्या बाजूने चालली. घर येईपर्यंत तिची माफी मागत राहिली.