दोघांत एक

पाकीट प्रेरणानं एसटीतच फोडलं. दौलताबादचा किल्ला मागं पडेपर्यंत तिनं धीर धरला, पुढं धरवेना. आत तिच्या रक्ततपासणीचा एकच कागद होता. जनुकात दोनशेव्या जागी बदल आढळला, असं त्यावर होतं. वडिलांच्या कागदावर होतं तेच, त्याच जागी.

ती जागा तिला पाठ होती. चार वर्षं ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हेच तर वाचत होती. प्रायॉन म्हणजे बिघडलेलं प्रथिन, मेंदूची चाळण करणारं. ते रानातल्या कोणत्या जनावराला बाधतं आणि कोणाला नाही, हे त्यांच्या जनुकांत शोधायचं. वनखात्याकडून रस्त्यावर मेलेल्या जनावरांचे नमुने यायचे. लांडगा, कोल्हा, ससा, नीलगाय, तरस. एकतीस जाती तपासून झाल्या होत्या. हरणाच्या काही जातींना तो रोग सहज धरतो. लांडग्या-कोल्ह्याच्या जनुकात एका जागी एकच अक्षर वेगळं, आणि रोग त्यांच्या वाटेला जात नाही. एवढ्याशा अक्षरानं देवानं त्यांना राखलं होतं. आणि देवगाव रंगारीतलं एक घर दुसऱ्या एका अक्षरानं उघडं टाकलं होतं.

तिचे वडील पुंजाराम, घरचे आबा, म्हणजे गावच्या सप्त्यातला खडा आवाज. दिवाळीत ते अभंगाची चाल विसरले. संक्रांतीला ओट्यावरून पडले. आता हात झटके देत होते, आणि चाळीस वर्षं संसार केलेल्या लक्ष्मीबाईंना ते विचारत, "बाई, तुम्ही कोणाच्या?" औषध नव्हतंच.

"लांडग्यातलं ते अक्षर काढून आबांत घाल की," लक्ष्मीबाई म्हणाल्या होत्या. "एवढी शिकलीस."

"ते जन्मापासून असावं लागतं, आई."

"मग काय चाटायचंय तुझं शिकणं?" बोलल्या, आणि लगेच पोरीच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. लक्ष्मीबाईंनी त्याचा सरळ अर्थ लावला. लेकरं दोन, प्रेरणा आणि धाकटा गोकुळ. निम्मं म्हणजे दोघांत एक जाणार, एक राहणार. प्रेरणानं रुपया उडवून दाखवला. दोनदा छापा पडू शकतो, दोनदा काटाही पडू शकतो, रुपयाला मागचं काही आठवत नाही.

"रुपयाला आई नसती," लक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि विषय संपला. वर त्यांनी एक अट घातली. "जे निघंल ते मला सप्त्यात सांगायचं, वीणेवर हात ठेवून. तिथं आपल्या घरात कुणी खोटं बोललं नाय अजून."

एसटीत कागदाची घडी घालताना प्रेरणाला त्या गणिताचाच आधार वाटला. गणित चुकीचं होतं, पण तिनं खरं सांगितल्यावर आईच्या हिशेबी गोकुळ सुटणार होता. एक लेकरू तरी आईच्या पदरात पडणार होतं.

ती सप्त्याच्या मंडपात पोचली तेव्हा चार वाजत आले होते. आबांचा वीणेचा दोन ते चारचा पहारा यंदा गोकुळ करत होता. वीणा त्याच्या गळ्यात होती, ती सात दिवस खाली ठेवायची नसते. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत आबा बसले होते. हात आपोआप उडत होते, तालाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

"कडुबाकाका, घ्या आता. पाय गेले माझे," गोकुळ म्हणाला.

"तुझ्या वयात मी दोन-दोन पहारे काढायचो रं," म्हणत पुढच्या पहाऱ्याच्या कडुबांनी गळा पुढं केला. या गळ्यातून त्या गळ्यात वीणा गेली.

लक्ष्मीबाई उठून आल्या. त्यांनी प्रेरणाच्या हातातलं पाकीट पाहिलं होतं.

"कडुबा, जरा थांबा. लेकरांना हात लावू द्या."

प्रेरणा पुढं झाली. तिच्या आधी गोकुळनंच वीणेवर हात ठेवला.

"आई, मी गेल्या महिन्यात गारखेड्याच्या लॅबात जाऊन तपासायला रक्त देऊन आलो. तुला सांगितलं नाय. सकाळी फोन आला. माझ्यात हाय."

लक्ष्मीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी गोकुळच्या तोंडावरून हात फिरवला, पुनःपुन्हा फिरवला. मग दुसऱ्या हातानं प्रेरणाचं मनगट गच्च धरलं.

"म्हंजे तू राहिलीस," त्या म्हणाल्या. "तू तरी राहिलीस माय. ठेव हात. सांग."

म्हणजे दोघंही. पाकिटातला कागद काही आता बदलणार नव्हता, पण आईची बोटं मनगट सोडत नव्हती. खरं बोलायला तिनं तोंड उघडलं. वीणेच्या लाकडाला तिचा तळवा लागला.

"नाय, आई," ती म्हणाली. "माझ्यात नाय."

लक्ष्मीबाई तिथंच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. अर्धं दुःखानं, अर्धं सुटल्यासारखं. कडुबांनी पुन्हा नाम धरलं, टाळ सुरू झाले.

प्रेरणा मंडपाबाहेर आली, लिंबाच्या बुडाला टेकली. मागोमाग गोकुळ आला. त्याचा चेहरा इतका उजळ होता की तिला कळेना, हा असा का दिसतोय.

"आईला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "मी रक्त दिलंच नाय, ताई. गारखेड्याला बी गेलो नाय. दोन तास वीणा गळ्यात घेऊन पांडुरंगाला एकच म्हणत होतो, दोघांतला एक न्यायचाच असंल तर मला ने, ताईला सोड. म्हणून तुझ्या आधी हात ठेवून माझ्या अंगावर घेतलं. बघ, ऐकलं त्यानं."