मशीनवरची चिठ्ठी

लेक घरूनच प्रोग्रॅम लिहिते. काम संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं आणि ती लॅपटॉपमधल्या एआयवर करवादत होती.

"बाबा, लॉगिनचं एक बटण दुरुस्त कर म्हटलं, तर यानं अख्खं पानच बदलून टाकलं. वर म्हणतो, झालं!"

"तू नेमकं काय सांगितलंस त्याला?"

"बटण नीट कर म्हटलं. अजून काय सांगायचं?"

मी वॉशिंग मशीनवर चिकटवलेली चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. शेवटची दवाखान्यात जाताना तिच्या आईनं ती माझ्यासाठी लिहिली होती. 'पांढरे कपडे वेगळे धुवायचे. सांगितलं नाही त्या बटणाला हात लावायचा नाही. झालं म्हणण्याआधी झाकण उघडून बघायचं. अडलं तर मनानं काही करायचं नाही, मला विचारायचं.'

लेक हसली. "आई तुम्हाला चांगलंच ओळखून होती." कपड्यांची ओळ सोडून बाकीच्या तिनं टाइप केल्या. झाकणाच्या जागी 'प्रोग्रॅम चालवून बघायचा' असं लिहिलं.

या वेळी एआयनं लगेच कशालाच हात लावला नाही. आधी दोन शंका विचारल्या. लेकीनं उत्तरं दिली आणि पाच मिनिटांत बटण चालायला लागलं.

"बघा बाबा, तुमच्यापेक्षा लवकर शिकला!"

"त्याचं बरं आहे, त्याला विचारायला तू आहेस," म्हणत मी चिठ्ठी घेऊन मशीनपाशी गेलो. हातात माझा फिकट पिवळा सदरा होता. तो पांढऱ्यात धुवायचा की रंगीत कपड्यांत, हे चिठ्ठीत तिनं लिहिलंच नव्हतं.