मधला हात

पद्मजा टीचरला माज चढलाय, हे गुणाबाईने रिक्षातच ठरवून टाकलं होतं. काल नातू ओल्या चड्डीत घरी आला. मांड्या लालभडक, सोललेल्या. नऊ वर्षांचं पोर, तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या, सांगणार कुणाला? आजवर त्या टीचरने असं होऊ दिलं नव्हतं. मग आताच काय झालं? डोळ्यांवर धूर चढला, दुसरं काय!

उरण नाक्यावरची मासळीची पाटी सुनेच्या हवाली करून ती निघाली, ती थेट विचुंब्याला. तिथे एका इमारतीच्या तळमजल्यावर विशेष मुलांची शाळा होती. गुणाबाईने दार ढकललं आणि उंबऱ्यातूनच तोंड सोडलं.

"काय गो टीचर, माझा पोऱ्या काय उकिरड्यावरचा हाय? ओल्या चड्डीत घरी पाठवतंस? लाज नाय वाटली?"

सतरंजीवर मुलं बसली होती. त्यांच्यात पद्मजा एकटीच. तिने मान वर केली.

"आजी, हळू."

"हळू? कोलीन हाय मी. हळू बोलले त माझी मासली कोन घेनार?"

भिंतीशी बसलेल्या तिच्या नातवाने, आर्यनने, कानांवर हात दाबले. डोकं मागे घेतलं आणि भिंतीवर आपटलं. ठक्क आवाज झाला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा आवाज वेगळा आला, दबका. पद्मजा सरपटत त्याच्यापर्यंत पोचली होती आणि तिने आपला हात मधे घातला होता. तळवा पोराच्या डोक्याला, मागची बाजू भिंतीला.

"ओरडा आजी," ती म्हणाली, "पण हळू आवाजात ओरडा."

गुणाबाई चपला काढून आत आली. घरी पोर डोकं आपटायला लागलं की सगळे उशी शोधत धावायचे. उशी सापडेपर्यंत टेंगूळ आलेलं असायचं. इथे टीचर तशीच बसून होती. पोराचं डोकं येत होतं, हात भिंतीवर आदळत होता. बोटांच्या पेरांवरची कातडी गेलेली. एका खपलीशेजारी दुसरी, तिच्यावर ताजं रक्त.

तेवढ्यात कपाटावरचं घड्याळ घणघणलं. शू लागली हे इथल्या पुष्कळ मुलांना सांगता यायचं नाही. म्हणून घड्याळ वाजलं की सगळ्यांना एकेक करून न्यायचं, अशी रीत होती. पद्मजाने घड्याळाकडे पाहिलं. जागची हलली नाही.

"कालही वाजलं होतं," ती म्हणाली. "मला ऐकू येत होतं, आजी. पण उठताच आलं नाही. पाय माझे नव्हतेच जणू."

रडली असती तर गुणाबाईला कळलं असतं. रडणाऱ्या बाया तिने खूप पाहिल्या होत्या. हिच्या आवाजात काहीच नव्हतं.

"न ती मावशी कुठं हाय? पोरांना धरायची ती?"

"ती सोडून गेली. दिवाळीच्या आधी."

आरडाओरडा ऐकून शाळा चालवणाऱ्या संस्थेचे गुरुदत्त सर दाराशी आले. बूट पायात, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"आजी, कालचं कळलं मला. सॉरी. तुम्ही फक्त हो म्हणा, आजपासून टीचर बदलतो. मोकळं करतो यांना."

पद्मजाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष आर्यनच्या मानेकडे होतं, ती पुन्हा कधी मागे येते तिकडे.

"न मावशी?" गुणाबाई म्हणाली. "ती कवा बदलनार?"

"माणसं टिकत नाहीत हो या कामात."

"टिकलीय तिला काढतंस, न जी गेली तिच्या जागी कोन नाय. झ्याक हिशेब हाय तुझा. बूट काढ. आत ये. पोरांना मोरीत ने."

"मी? अहो, मला त्यातलं..."

"ने म्हनते ना! नायतर उद्या या दारात सगल्या कोलनी आनून बसवीन. पाट्यांसकट."

गुरुदत्त सरांनी बूट काढले. "आधी कुणाला?" त्यांनी पद्मजाला विचारलं.

"समृद्धीला. तिचा हात धरू नका, बाही धरा."

गुणाबाई पदर खोचून भिंतीशी बसली. पद्मजाचा हात तिने मनगटाला धरून बाजूला केला आणि तिथे आपला घातला. आर्यनचं डोकं आलं. बोटातली अंगठी हाडात रुतली. कळ पार खांद्यापर्यंत गेली. नाक्यावरून बंदरापर्यंत पोचणारा गुणाबाईचा आवाज ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला. डोकं पुन्हा आलं.

"जेवलीस?" तिने कुजबुजत विचारलं. कुजबुजायची सवय नव्हती, शब्द खरखरीत निघाले.

"मुलांचं झालं."

"तुझं इचारलं मी."

रिकामा झालेला हात मांडीवर कुठे ठेवावा, हेच पद्मजाला कळत नव्हतं.

"ऐक," गुणाबाई म्हणाली. "पोऱ्याला ओला ठेवलास, ते मी इसरनार नाय. पन त्याच्याहून मोठी चूक केलीस तू. हात फुटेस्तोवर बसलीस, न एकदा पन बोंबललीस नाय. जा, आदी डबा खा. उपाशी मानसाशी मी भांडत नाय."