निळं दार

अंजलीने बटण दाबलं आणि त्रेसष्ट घरकुलांचे फोटो धडाधड आपापल्या स्लाईडवर जाऊन बसले. एकेक फोटो ओढून चिकटवायचा तर अख्खा दिवस गेला असता. तिच्या मॅक्रोने, म्हणजे तिनेच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने, चहा निवायच्या आत काम उरकलं. चार वाजता मोठ्या साहेबांपुढे ते दाखवायचं होतं, त्यामुळे तिचे अधिकारी सुंदरराव भलतेच खूश होते.

"चालवून दाव की एकदा."

ती बाण दाबत गेली. मॅक्रोने सगळे फोटो एका मापात, एका जागी लावले होते, त्यामुळे बाराव्या स्लाईडपासून भलतंच दिसायला लागलं. नावाची पाटी धरलेली माणसं बदलत होती, मागचं घर जागचं हलत नव्हतं. छबुबाई गेल्या, कारभारी आला, निळं दार तिथंच. एकोणिसाव्या स्लाईडवर पाटी धरून तिची सख्खी आत्या उभी होती. धारूरजवळ पत्र्याच्या आडोशाला राहणारी भामाबाई.

अंजलीचं डोकं सणकलं. तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"आत्या, त्या दुसऱ्याच्या घरापुढं कावून उभी राहिलीस?"

"ग्रामसेवक म्हणले, पाटी धर, यादीत नाव लागंल. धरली. लई चांगलं घर हाय गं."

"लागलं न्हाई, निघालं! तुला घर मिळालं असं लिवलंय इथं. आता दुसरं मिळायचं न्हाई."

आत्या म्हणाली, "पाटी परत नेऊन दिली तर गं?"

अंजलीने फोन ठेवला. सुंदररावांनी घसा साफ केला. त्यांना काळजी होती ती दार सगळीकडे एकच दिसण्याची.

"फोटो जरा लहान-मोठे कर. एक डावीकडं, एक उजवीकडं. तुझ्या मॅक्रोला काय अवघड हाय?"

इतक्या हौसेने शिकलेली विद्या असल्या कामाला जुंपायची, या विचाराने तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिने मेल उघडला, फाईल जोडली आणि पाठवून दिली.

"मोठ्या साहेबांना हाय तशी गेली."

"अगं, कंत्राटी हायस तू! दुसरी पाठव लगेच. सांगितलं तशी करून."

अंजली उठली. खुर्ची तिने त्यांच्यापुढे सरकवली.

"बसा साहेब, तुमीच करा. मॅक्रो न्हाई, हातानं. एकेकाच्या तोंडाकडं बघून."