म्हातारीच्या वाटणीच्या गोवऱ्या

गाडी गोठ्यामागच्या राशीपाशी आली, तेव्हा म्हातारी तिथे आधीच ठाण मांडून बसली होती. पाठ गोवऱ्यांना टेकलेली, पाय पसरलेले. गाडीवाल्याने तिच्या मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली.

त्या सपाट मुलखात लाकूड औषधालाही मिळायचं नाही. चूल पेटायची ती शेणावर आणि माणूस जायचा तोही शेणावरच. "माझं काय, गोवऱ्या केव्हाच मसणात गेल्यात," असं चारचौघी म्हणतात तसं म्हातारीही म्हणायची. पण ही बाई नुसती म्हणून थांबली नाही. तिने आपल्यापुरती रास खरोखरच वेगळी रचून घेतली, वर पत्रा घातला, पत्र्यावर दगड ठेवले. चुलीसाठी कुणी त्यातली एक जरी उचलली, तरी घर डोक्यावर घ्यायची.

आणि आज ओसरीवर चादरीखाली निजली होती ती तिची सून. साध्या तापाचं निमित्त झालं. पाळी आपली असताना ही पोर मध्येच कशी घुसली, एवढंच म्हातारी सकाळपासून येईल त्याला विचारत होती.

झडीने घरोघरच्या गोवऱ्यांचा लगदा झाला होता. कोरड्या राहिल्या होत्या त्या या पत्र्याखालच्याच.

गाडीवाला पुटपुटला, की काय जीव अडकलाय बाईचा, मेलेल्या सुनेला शेण देववत नाही. ते म्हातारीने ऐकलं. तिने पाठ राशीला आणखी घट्ट टेकवली.

मुलगा तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, ऊठ आता. तुला दुसऱ्या थापू."

"कोण थापणार?"

म्हातारीची मनगटं कामातून जाऊन कैक वर्षं झाली होती. राशीतली एकूण एक गोवरी सुनेच्या हातची होती. सासूचं सरण सुनेने हसत हसत, गप्पा मारत थापलं होतं.

म्हातारी मग भिंतीला धरून उठली. पत्र्यावरचे दगड तिने मुलाला काढू दिले, गोवऱ्यांना मात्र कुणाला हात लावू देईना. एकेक उचलायची, बोटाने टिचकी मारून कानाशी धरायची आणि गाडीत ठेवायची. काही बाजूला टाकायची. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

ऊन कलायला लागलं. गाडीवाल्याचा आवाज आता मऊ झाला होता. "मावशी, टाकलेल्याही द्या. जराशा दमटल्यात, एवढंच. पेटतील."

म्हातारीने त्या पायाने आणखी लांब सारल्या.

"नको. धूर करतील. तिला धूर सोसत नाही."